तांडेलाच्या खुणा

३ जून २०२५, मंगळवार

मच्छीमार सोसायटीने वाटलेली गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडली होती. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या लिहिणार. कारण एवढंच की मला यंत्रं घ्यायची आहेत आणि विकणारा प्रत्येक माणूस वेगळं बोलतो. कोण काय म्हणाला हे टिपलं नाही तर मी फसणार. पापलेट असतं तर कोणाच्या बापाची टाप नव्हती मला फसवायची, तीस वर्षं डहाणूच्या बाजारात बसते आहे. पण जीपीएस आणि वायरलेस यातलं मला ओ की ठो कळत नाही.

गोष्ट अशी. एप्रिलमध्ये आमची बोट परत येताना खाडीच्या तोंडाशी खडकाला घासली. फळ्या गेल्या दोन, माणसं वाचली. बोट चालवणारे तांडेल म्हणजे माझा नवरा नारू. सगळं नरपड गाव त्यांना तांडेल म्हणतं, मीही तेच म्हणते. तांडेल म्हणाले, धुकं होतं. मी तेव्हा टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी होते आणि मला पार डोंगरापर्यंत लख्ख दिसत होतं. पण समुद्रातलं धुकं वेगळं असेल, मी काय कधी बोटीवर गेले आहे? आमच्यात बायका बोटीवर जात नाहीत.

त्यानंतर आमचे दोन्ही खलाशी, सायवनचे लहान्या आणि सुक्या, घरी आले. ओटीवर बसले, आणि लहान्या जमिनीकडे बघत म्हणाला, पुढच्या हंगामाला बोटीवर जीपीएस आणि वायरलेस पाहिजे, नाहीतर आम्ही येणार नाही. पंधरा वर्षं तांडेलांच्या हाताखाली काढलेली माणसं ही. सुक्याला तर जाळं ओढायला तांडेलांनीच शिकवलं. मला असा संताप आला.

पण खलाशी नाहीत तर बोट किनाऱ्यावरच राहणार, आणि बोट राहिली तर तांडेल कसले तांडेल? दुसऱ्याच्या बोटीवर ते मरेपर्यंत पाय ठेवणार नाहीत. म्हणून यंत्रं घ्यायचीच. नवी परवडत नाहीत, जुनी बघायची. सध्या मासेमारी बंद आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ आहे.

तांडेल म्हणतात, मला नको, तुला हौस असेल तर घे. डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी आहे, महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका आहे. समुद्रातून बघताना ही दोन कशी एकमेकांना लागतात यावरून ते कुठे आहेत ते ओळखतात. अशा पन्नास-साठ खुणा त्यांच्या डोक्यात आहेत, कुठे घोळ मिळते, कुठे सुरमई. सख्ख्या भावाला सांगितल्या नाहीत. मला तर नाहीच.

१० जून, मंगळवार

तलासरीला जाऊन आलो. तांडेलांना ओढूनच नेलं. हायवेला टायरवाल्याच्या मागे अमृतभाईंचं दुकान आहे. मोडीत निघालेल्या बोटींवरची यंत्रं घेऊन, दुरुस्त करून विकतात. बोलता बोलता मराठीतून गुजरातीत जातात आणि परत येतात. आत एवढी अडगळ, की तांडेल दारातच स्टुलाला अडखळले. लोक दुकानात साधा दिवा लावत नाहीत.

तीन जीपीएस दाखवले. मला वाटलं होतं, बटण दाबलं की झालं. तसं नाही. यंत्र उघड्यावर न्यावं लागतं, मग ते आकाशातले उपग्रह शोधत बसतं. पहिलं पाच मिनिटांत लागलं. दुसऱ्याने अर्धा तास घेतला. अमृतभाई म्हणाले, अनेक महिने बंद होतं ना बेन, त्याला आपण कुठे आहोत तेच आठवत नाही. मला त्या यंत्राची कीव आली. तिसऱ्याच्या मागच्या पिनांवर हिरवं चढलं होतं. खारं पाणी आत गेलेलं. ते मी हातातच घेतलं नाही.

गंमत दुसऱ्याची. उपग्रह लागल्यावर जागा अगदी बरोबर दाखवली, मी मोबाइलवरच्या आकड्यांशी ताडून बघितली. पण तारीख दाखवली २५ ऑक्टोबर २००५. मी म्हटलं, अमृतभाई, हे तर वीस वर्षं मागे आहे. ते हसले. म्हणाले, जुन्या यंत्रांना आठवडे एका हद्दीपर्यंतच मोजता येतात, एक हजार चोवीस झाले की परत पहिल्यापासून. जागा चुकत नाही, काळ चुकतो. वार मात्र बरोबर, मंगळवारच. घरी येईपर्यंत मी हाच विचार करत होते. कुठे आहे ते माहीत आणि कधी आहे ते नाही, म्हणजे काय गमतीचा प्रकार.

पहिलं यंत्र सगळ्यात चांगलं होतं, पण तांडेलांना उन्हात त्यातलं वाचता येईना. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, मग माझ्या हातात देऊन म्हणाले, असली काच काय कामाची. मला आकडे दिसत होते, पण बोटीवर मी नसणार, ते असणार. शेवटी ते वीस वर्षं मागचं घेतलं. जड आहे, पण अक्षर माझ्या अंगठ्याएवढं.

१७ जून, मंगळवार

आज वायरलेस. एकटीच गेले, तांडेल म्हणाले गुडघा दुखतो. अमृतभाईंनी दोन सेट पुढे ठेवले. दोन्ही स्वच्छ पुसलेले, दोन्ही पेटत होते. मला काय फरक कळणार? मग मी जे येतं तेच केलं. सेटच्या मागच्या जाळीला नाक लावलं आणि वास घेतला. अमृतभाईंचा पोट धरून हसायचा बेत होता, पण मी म्हटलं, याच्यात काहीतरी जळलंय. त्यांनी स्क्रू काढून झाकण उघडलं. आत एका कोपऱ्यात सर्किटची पाटी काळी पडली होती. अमृतभाई म्हणाले, कोणीतरी अँटेना न जोडता बोलायचं बटण दाबलं. आवाज बाहेर जायला वाट नाही, मग सगळी ताकद आतच जळते. असा सेट ऐकतो सगळं, पण बोलत नाही.

त्यांनाही माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. खरं असेल. शिळा मासा विकणाऱ्याचं तोंड मला ओळखता येतं, आणि त्यांचं तसं नव्हतं.

दुसरा सेट घेतला. आधी त्यांनी एक सेट दुकानात ठेवला, एक मला रस्त्यापलीकडे वडाखाली दिला आणि म्हणाले, बोला. काय बोलायचं सुचेना. मी म्हटलं, बोंबील आले, ताजे बोंबील. पलीकडून अमृतभाई म्हणाले, अर्धा किलो द्या. खूप दिवसांनी एवढं हसले.

१९ जून, गुरुवार

तांडेलांनी सेटकडे बघितलंही नाही. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन चिमणीकडे तोंड करून उभे राहतात, अर्धा अर्धा तास. रुसवा, दुसरं काय. मीही बोलायला गेले नाही.

२९ जून, रविवार

सायवनला जाऊन आले. लहान्याच्या शेतात भाताची आवणी चालू होती, तो गुडघाभर चिखलात. मी बांधावरूनच सांगितलं, घेतली तुमची यंत्रं, आता तरी येणार ना? आवाजात जरा धार होतीच माझ्या.

तो वर आला, हात धुतले, आणि भलतंच विचारायला लागला. जीपीएसची अक्षरं मोठी आहेत का. रस्ता चुकला तर ते वाजतं का. मी म्हटलं वाजतं, घंटी आहे. तर म्हणतो, मोठ्याने ना? मी म्हटलं, तू काय बहिरा झालास? तो हसला नुसता. सुक्या मागे रोपांची मूठ धरून उभा होता, त्याला म्हणाला, घंटी पण आहे.

निघताना लहान्याच्या बायकोने, लाडकीने, सांगितलं की गावातल्या दिपकच्या मोठ्या बोटीवरून दोघांनाही बोलावणं आलं आहे. तिथे नवी यंत्रं आहेत, सगळं आहे. मग गेले का नाहीत, मी विचारलं. ती म्हणाली, त्यांनाच विचारा. भाव वाढवत असतील. माणसं अशीच.

८ जुलै, मंगळवार

आज पावसात घरात बसून जीपीएसची बटणं दाबत होते, आणि काय सापडावं. यंत्रात खुणा आहेत. त्रेसष्ट. आधीच्या तांडेलाने भरून ठेवलेल्या. प्रत्येकीला नंबर, आणि इंग्रजी अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. एकीला घोळ. एकीला बा. हे बा म्हणजे काय? गुजरातीत बा म्हणजे आई. कोणाची आई? समुद्राच्या मध्यावर?

मला राहवेना. तांडेलांना दाखवायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा. म्हणाले, दुसऱ्याच्या खुणा आहेत त्या. बोट विकली तरी खुणा विकत नाहीत. पुसून टाक. मी म्हटलं, नुसत्या बघते. ते म्हणाले, बघणं म्हणजेच घेणं.

पुसायचं बटण मला माहीत आहे. पण विचारल्याशिवाय कोणाची आयुष्यभराची कमाई पुसायची म्हणजे, तेही बरोबर वाटेना.

१० जुलै, गुरुवार

अमृतभाईंकडून जीपीएसच्या मूळ मालकाचा नंबर घेतला आणि फोन लावला. त्यांचं नाव चिमणभाई, उंबरगावकडचे. म्हातारा आवाज, पण गोड. मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, बेन, तुम्ही पहिल्या आहात विचारणाऱ्या. आधी दोन जणांकडे गेलं होतं यंत्र, त्यांनी विचारलं नाही.

म्हणाले, सतरा नंबर राहू द्या. तिथे खाली जुनी मालवाहू बार्ज बुडालेली आहे, जाळं अडकलं की फाटतं, कोणाचंही फाटू नये. बाकी बासष्ट पुसा. मी विचारलं, बा म्हणजे काय. तर म्हणाले, आई वारली तो दिवस. तिथे होतो मी, वायरलेसवर कळलं. जागा टिपून ठेवली. बस, दुसरं काही नाही तिथे.

आणि मी न विचारताच ते आणखी एक बोलले. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते: "माझ्या खुणा माझ्या डोळ्यांत होत्या, बेन. डोळे गेले तेव्हा मशीनमध्ये ठेवल्या. पण मी उशीर केला. अर्ध्या राहिल्या."

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं तांडेलांना सांगितलं. त्यांनी हात धुतला आणि उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. परक्या माणसाला फोन केला म्हणून चिडले असणार. मला त्याचं वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही वाटला.

११ जुलै, शुक्रवार

बासष्ट पुसल्या. एकेक करत, प्रत्येक वेळी यंत्र विचारतं, नक्की? बा शेवटी पुसली.

२६ जुलै, शनिवार

तांडेलांचं काय चाललंय कळत नाही. इतके दिवस यंत्राकडे बघत नव्हते, आता मला म्हणतात, तू नीट शिकून घे. नवी खूण कशी ठेवायची, नाव कसं द्यायचं, सगळं. मी म्हटलं, मी कशाला, लहान्याला शिकवा. ते म्हणाले, नाही, तू.

मी शिकले. मजा येते खरं सांगायचं तर. खाटेवरून विहिरीपर्यंत चालत जाऊन खूण ठेवली आणि परत आले. यंत्राने विहीर जवळजवळ शेजाऱ्यांच्या परसात दाखवली. दहा-बारा पावलं इकडेतिकडे होतात, हे आता कळलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आजचं सगळं लिहिणार.

काल बोट पाण्यात घातली, दोन्ही यंत्रं बसवली. आज वारा पडला होता, पाऊस रात्रीच पडून गेलेला, आभाळ धुतल्यासारखं. तांडेल म्हणाले, चल, यंत्राची परीक्षा करू. तू आणि मी. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, बाई बोटीवर. ते म्हणाले, म्हणू देत. त्यांच्या तोंडून हे ऐकून मी चपला घातल्या.

इंजिन अगदी हळू ठेवलं होतं. खाडीबाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, चिमणी कुठे आहे? मला वाटलं, माझीच परीक्षा घेतायत. मी सांगितलं. मग म्हणाले, सुळका तिच्या कोणत्या अंगाला? मी म्हटलं, उजव्या. किती उजव्या, बोटाने मोज. मी हात लांब करून बोटं धरली, दोन बोटं. ते म्हणाले, एक बोट राहिलं की सांग. राहिलं तेव्हा सांगितलं. म्हणाले, ठेव खूण. नाव लिही, सुरमई.

असल्या चार खुणा त्यांनी मला दिल्या. ज्या सख्ख्या भावाला दिल्या नाहीत त्या. मला इतका आनंद झाला, की मी खुळ्यासारखी बटणं दाबत बसले.

मग डावीकडून एक होडी आमच्या आडवी येताना दिसली. पताका लावलेली, लाल-पिवळी, चांगली मोठी. मी वाट बघितली, आता हे वळवतील. वळवेनात. तोंड तिकडेच, डोळे उघडे, आणि वळवेनात. मी ओरडले, सुकाणूवर जाऊन पडले आणि दोन्ही हातांनी ते दाबलं. होडी आमच्या बोटीला घासूनच गेली म्हणायची. तिच्यावरचा माणूस शिव्या देत गेला.

तांडेल म्हणाले, "होडी होती का?"

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम. धुकं, काच, स्टूल, रोजचं उभं राहणं.

इंजिन बंद करून ते बोलले. वर्ष झालं. आधी सुळका गेला, मग चिमणी. जवळचं ठळक तेवढं दिसतं, लांबचं सगळं दूध. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण त्यांच्या वडिलांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता. मी म्हटलं, त्याला चाळीस वर्षं झाली. आणि मग मला इतका राग आला की मी रडायलाच लागले. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. एका घरात राहते मी या माणसाबरोबर.

परत येताना सुकाणू माझ्या हातात होतं आणि ते मागे बसून पाण्याच्या आवाजावरून सांगत होते, डावीकडे घे, इथे खडक आहे. एकदाही चुकले नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर भांडलो. ते म्हणतात, कोणाला सांगायचं नाही. लहान्या-सुक्याला कळलं तर दोघं त्याच दिवशी दिपककडे जातील, मग बोट संपली आणि मीही संपलो. यंत्र आहे, घंटी आहे, भागेल.

मी म्हटलं, यंत्राला खडक कळतो, समोरून येणारी होडी कळत नाही. लहान्याला तीन पोरं आहेत. सुक्याची बायको पोटुशी आहे. ती माणसं तुमच्या डोळ्यांवर विसंबून समुद्रात जाणार आणि डोळेच नाहीत. पौर्णिमेला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

ते म्हणाले, तू माझी बोट बुडवायला निघालीस.  त्यांचा आवाज फाटला होता. शेवटी मी एवढंच म्हटलं, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, नंबर लावलाय. 

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

बोटीला रंग दिलेला, हार घातलेला. लहान्या आणि सुक्या नवे सदरे घालून पहाटेच आले. मी नारळ घेऊन उभी. सांगायला तांडेल अजून तयार नव्हते. मी मनात ठरवून आले होते, पूजा झाली की मी तोंड उघडणार, मग काय व्हायचं ते होवो. 

पूजा झाली. नारळ घ्यायला लहान्याने हात पुढे केला, तांडेलांनी त्याला थांबवलं. म्हणाले:

"लहान्या, सुक्या, मला चिमणी दिसत नाही. वर्ष झालं. एप्रिलमध्ये धुकं नव्हतं. तुम्हाला यायचं नसेल तर आत्ता सांगा, मी मनात काही ठेवणार नाही."

सुक्या दोरीकडे बघत राहिला. मी लहान्याकडे बघत होते. त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"आम्हाला दिवाळीपासून माहीत आहे, तांडेल," तो म्हणाला. "म्हणून तर यंत्र मागितलं. तसं अडवून धरलं नसतं तर तुम्ही कधी घेतलं असतं?"

 मग लहान्याच सांगत गेला, हळूहळू, की चिमणी आली चिमणी आली असं तो बोटीवर मोठ्याने का बोलायचा. सुक्या सुकाणूजवळच का बसायचा. एप्रिलमध्ये दोघंही जाळं आवरण्यात गुंतलेले होते म्हणून खडक सांगायचा राहिला, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. त्यांना. आणि मी चार महिने या दोघांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. मला तिथेच वाळूत तोंड लपवावंसं वाटलं.

मग ठरलं ते असं. सुकाणू सुक्या धरणार, पुढे लहान्या उभा राहणार, तांडेल मध्ये बसून सांगणार. डॉक्टर काय म्हणतात त्यावर पुढचं. सुक्या म्हणाला, तांडेल तुम्हीच. दुसरा कोण.

नारळ माझ्याच हातात राहिला होता. तांडेलांनी तो घेतला, कमरेभर पाण्यात गेले, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि सोडला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मान वळवून त्यांनी मला विचारलं, सगळ्या किनाऱ्यासमोर, मोठ्याने:

"कुठे गेला गं?"

मी सांगितलं. तुमच्या उजव्या हाताला आहे, बाहेर चाललाय.